दोघांचा होकार

९ सप्टेंबर

आज पुन्हा एका गिऱ्हाइकाशी भांडलो. स्वतः गाडीच्या दारात चेपलेली गळाची काठी घेऊन आला आणि म्हणे माल खराब. मी सांगितलं, काठी चांगली आहे, खराब तुम्ही आहात. लीलंडमामाने त्याला नवी काठी दिली, दारापर्यंत सोडलं आणि मग माझ्याकडे वळून एवढंच म्हणाला की कॉलेजात एका पोराचं नाक फोडून तू घरी आलास, तेव्हा तुझ्या आईने तुला माझ्याच गळ्यात का मारलं ते आता कळायला लागलंय.

व्हर्नामावशी म्हणाल्या, राग आला की लिहून काढत जा, कागद उलटून बोलत नाही. मावशी काही सख्ख्या नव्हेत. मामाच्या या बंदुका आणि गळांच्या दुकानात त्या मी जन्मायच्या आधीपासून आहेत, त्यामुळे अर्ध्या गावाच्या मावशी झाल्यात. म्हणून हे लिहितोय. राग गेलेला नाही. माणूस खराबच होता.

१२ सप्टेंबर

आज एक मुलगी आली. कोरीन नाव. शेजारच्या गावात दातांच्या दवाखान्यात काम करते. हातातल्या पेल्यातला बर्फ कडाकडा चावत काचेखालची पिस्तुलं बघत होती. मी म्हटलं, दातांच्या दवाखान्यातल्या माणसाने बर्फ चावावा का? ती म्हणाली, आचाऱ्याने जेवू नये की काय? मी हसलो. गिऱ्हाइकाच्या बोलण्यावर मी हसतो असं फार क्वचित होतं.

मी कॉलेज सोडलं हे कळल्यावर म्हणाली, म्हणजे प्रोफेसर व्हायचं राहिलंच की. जाताना दारातून म्हणाली, "येते रे प्रोफेसर."

दुसऱ्या कुणी असं म्हटलं असतं तर मी काय केलं असतं, देव जाणे.

१६ सप्टेंबर

पुन्हा आली. काही घेतलं नाही. मी मुद्दाम सावकाश एकेक पिस्तूल काढून दाखवलं, तिने मध्येमध्ये फोनवर काहीतरी लिहिलं. बाहेर निळ्या पिकअप ट्रकमध्ये एकजण बसला होता; तिनेच आपणहून सांगितलं, भाऊ आहे. इंजिन चालू ठेवून. आत ये म्हण त्याला, म्हटलं. नको, म्हणाली, तो असाच आहे. बुजरा असावा.

काही घ्यायचं नसताना एखादी मुलगी बंदुकांच्या दुकानात दोनदा का येईल? मामाला विचारायची सोय नाही. स्वतःलाच विचारलं आणि उत्तर आवडलं.

१९ सप्टेंबर

सगळं नीट लिहायला हवं, कारण आज मी आनंदात आहे आणि थोडा शरमलेलाही आहे, आणि यांतलं कुठलं जास्त ते मला ठरवता येत नाही.

कोरीन पिस्तूल घ्यायला आली. कुठलं हवं ते आज तिला पक्कं ठाऊक होतं. मोठं, जाड मुठीचं, जे आमच्याकडे सहसा दणकट हाताचे पुरुष नेतात. तिचा हात चिमणीएवढा. बोट चापापर्यंत नीट पोचेना. मी तिच्या हाताला बसेल असं दुसरं काढलं, तर तिने त्याला हातही लावला नाही. हेच हवं, म्हणाली. स्वतःचं मत असलेल्या मुली मला आवडतात.

आमच्या दुकानात एक नियम आहे. आधी देशाच्या कायद्याची ढाल होती. दुकानदाराने रीतसर बंदूक विकली की पुढे कुणी तिचं काय केलं, त्यासाठी त्याला सहसा कोर्टात खेचता यायचं नाही. मग आमच्या राज्याने नवा कायदा केला. विकताना वाजवी काळजी घेतली नसेल, एकाच्या नावावर दुसऱ्यासाठी घेणारे ओळखायचा प्रयत्नच केला नसेल, तर जखमी माणूस दुकानदाराला जाब विचारू शकतो. मामाने त्या कायद्याला महिनाभर शिव्या घातल्या आणि मग गावात कुणी केला नव्हता असा नियम केला. बंदूक विकायची तर दुकानातल्या दोघांचा होकार हवा. दोघांनी गिऱ्हाइकाशी वेगवेगळं बोलायचं. एकालाही पटलं नाही तर विक्री नाही, आणि का नाही हे कुणी कुणाला विचारायचं नाही.

तर कोरीन व्हर्नामावशींशी बोलली. कशाला हवंय, तर घरी एकटी असते म्हणून. कधी चालवलंय, तर शिकतेय. सक्तीच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र होतंच. मावशी हसून बोलल्या, आणि मग मला मागच्या खोलीत घेऊन गेल्या.

"मला नाही पटत रे. ही वस्तू तिची नाही. स्वतःच्या हाताला बसेल अशी एक तरी तिने तोलून बघितली का?"

नियमाप्रमाणे तिथेच संपायला हवं होतं. पण बाहेर ती माझी वाट बघत होती, आणि आज नाही म्हटलं तर ती पुन्हा कशाला येईल, असं माझ्या मनात आलं. मी म्हणालो, "अहो मावशी, तुम्ही उगाच शंका घेताय. ती माझी मैत्रीण आहे. चार महिने झाले."

कसं तोंडातून गेलं कळलं नाही. मावशींचा चेहरा असा उजळला की मला ते परत घेता येईना. "मग आधी सांगायचं नाही का, वेड्या," म्हणाल्या, आणि बाहेर जाऊन होकार देऊन आल्या.

राज्याच्या नियमाने मधे दहा कामाचे दिवस जावे लागतात, पोलीस तपासणी होते, मग पिस्तूल हातात मिळतं. म्हणजे ती परत येणार. तेवढ्या दिवसांत मी ही थाप खरी करून दाखवीन. मग ती थाप राहणारच नाही.

२२ सप्टेंबर, रविवार

मावशींनी मामाला सांगितलं. मामाने मामीला. मामीने आज जेवायला सॉसेज, आंबवलेली कोबी आणि एक जास्तीचं ताट मांडलं. मी म्हणालो, तिचं डोकं दुखतंय. मामीने तिच्यासाठी डबा भरून दिला.

तो डबा मी नदीकाठी गाडीत बसून एकट्याने खाल्ला. चव लागली नाही, पण टाकवेना.

४ ऑक्टोबर

असा दिवस माझ्या आयुष्यात आला नव्हता.

कोरीन पिस्तूल न्यायला आली. कागदपत्रं झाली. तेवढ्यात मावशी मागून सफरचंदं भरलेला ॲपल पाय घेऊन आल्या. स्वतः भाजलेला, वर कणकेची जाळी. "तुम्हा दोघांसाठी," म्हणाल्या. "चार महिने लपवून ठेवलंत, लबाडांनो."

मला वाटलं, संपलं. पायाखालची फरशी फाटावी असं झालं. कोरीनने माझ्याकडे बघितलं, मग मावशींकडे, पुन्हा माझ्याकडे. आणि तिने माझ्या दंडात हात घातला. "याचाच हट्ट होता लपवायचा," म्हणाली. "मी तर केव्हाची सांगायला तयार होते." आणि मावशींच्या देखत माझ्या गालावर ओठ टेकवले.

मावशींचे डोळे भरून आले.

म्हणजे तिच्याही मनात होतं! नाहीतर एखादी मुलगी क्षणात असं कशाला बोलेल? मी जत्रेला येतेस का विचारलं. बघू हं, म्हणाली. ॲपल पाय आणि पिस्तूल घेऊन गेली. ट्रकचं दार भावाने आतून उघडलं. आज त्याने माझ्याकडे बघून दोन बोटं कपाळाला लावली. बुजरेपणा कमी होतोय.

२५ ऑक्टोबर

जत्रेला आली नाही. फोन उचलत नाही. तिच्या दवाखान्यात फोन केला, तर पलीकडची बाई म्हणाली, दात दुखतोय का? मी हो म्हटलं. तिने वेळ दिली. परवा कारण नसताना दात साफ करून आलो. त्या दिवशी कोरीनची सुट्टी होती.

मावशी विचारतात, तुमचं भांडण झालं का रे? मी मान हलवतो. हो म्हणून की नाही म्हणून, ते माझं मलाच ठाऊक नाही.

१८ नोव्हेंबर

गावात गोळीबार झाला. डस्टिन नावाचा एकजण आपल्या आधीच्या बायकोच्या दारात जाऊन ओरडत होता. तिच्या जवळ फिरकायचं नाही, बंदूक बाळगायची नाही, असा कोर्टाचा हुकूम त्याच्यावर होता म्हणे. शेजारचे ऑरविल टेश काय झालं बघायला बाहेर आले. गोळी त्यांच्या उजव्या खांद्यातून गेली. वाचतील, पण हात गेल्यात जमा आहे.

टेश म्हणजे आमच्या शाळेच्या बसचे ड्रायव्हर. मी तिसरीत मागच्या बाकावर मारामारी केली तेव्हा गव्हाच्या शेतांमध्ये बस थांबवून त्यांनी मला पुढे आणून बसवलं होतं, आणि वर्षभर तिथेच बसवलं. मला त्यांचा राग होता. आता नाही.

असल्या माणसाला बंदूक देतं कोण? सापडला तर मी स्वतः त्याचं नाक फोडीन.

२० नोव्हेंबर

दुपारी फोन वाजला. बंदुकीचा नंबर सांगून कुणाला विकली ते विचारणारा, सरकारी. असा फोन वर्षातून एखाददुसरा येतो. मावशींनी नंबर घेतला, शोधला, आणि फोनवर ते नाव वाचून दाखवताना त्या माझ्याकडे बघत होत्या.

पोलिसांनी डस्टिनचा ट्रक गावाबाहेर पकडलाय. निळा.

भाऊ नव्हता.

७ डिसेंबर

कोरीन जामिनावर सुटून आईकडे आली आहे असं कळलं. गेलो. जाताना गाडीत सगळं ठरवलं होतं: तिला त्याने धमकावलं असणार, हात पिरगाळला असणार, मी साक्ष देईन, वाट बघेन.

ती पायरीवर आली, दार मागे ओढून घेतलं. थंडीत नाक लाल झालेलं. मी म्हटलं, त्याने तुला भाग पाडलं ना? तिने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. दवाखान्यात रडक्या पोरांकडे बघत असेल, तशी.

"मी सगळी उत्तरं पाठ करून आले होते," म्हणाली. "ट्रकमध्ये कोण आहे, हेच पिस्तूल का, सगळी. तू एकही प्रश्न विचारला नाहीस. एक जरी धड विचारला असतास ना, तर मला घाम फुटला असता. मी परत गेले असते."

म्हणजे चूक माझी! मी तिला काय काय बोललो ते इथे लिहिणार नाही. तिची आई बाहेर आली तेव्हा मी फाटकाला लाथ मारत होतो.

घरी येईपर्यंत वाटत होतं की सगळ्यात मोठी फसवणूक माझी झाली. टेश यांची आठवण गाडी लावताना झाली. एवढा वेळ झालीच नव्हती.

२१ फेब्रुवारी

टेश यांनी दुकानावर दावा लावला. नव्या कायद्याखाली. वाजवी काळजी घेतली नाही म्हणून.

मामा रागावेल असं वाटलं होतं. तो फक्त खुर्चीत बसला आणि म्हणाला की या कायद्याला शिव्या देणारा मी, आणि तो पाळणाराही अख्ख्या तालुक्यात मी एकटाच.

विमा कंपनीच्या वकील हॅल्व्हरसनबाई आल्या. दोघांच्या होकाराचा नियम ऐकून खूश झाल्या. म्हणाल्या, हाच आपला बचाव. दुकानाने काळजीची पद्धत घालून दिली होती. कायद्याला हेच हवं. प्रश्न एवढाच की मग होकार कसा मिळाला? दुसरा होकार कुणाचा?

व्हर्नामावशी म्हणाल्या, माझा.

शंका आली नाही?

मावशींनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "नाही," म्हणाल्या. "म्हातारी झाले. नजर चुकली."

मी तिथेच बसलो होतो. दोन हात अंतरावर. मी कॉफी ढवळत राहिलो.

१४ मे

मावशींची शपथेवरची जबानी झाली. हॅल्व्हरसनबाई मामाला सांगत होत्या, उत्तम झाली, व्हर्नाबाईंनी सगळं स्वतःवर घेतलं. आता म्हणायचं की नियम चोख होता, एका नोकराने हयगय केली. तसं दिसायलाही हवं, तेव्हा त्यांना आता कामावर ठेवू नका.

मामा म्हणाला, ती माझ्या लग्नात करवली होती. बाई म्हणाल्या, म्हणूनच तुम्ही स्वतः सांगा, मी सांगितलं तर वाईट दिसेल.

संध्याकाळी मावशी आपला मग, चपला आणि खिडकीतलं कुंडीतलं झाड घेऊन गेल्या. मी झाड गाडीपर्यंत नेलं. त्या म्हणाल्या, "तू मनाला लावून घेऊ नकोस. जिच्यावर जीव लावला तिने असं केलं, हे तुला काय कमी आहे? मी तुझं नाव कशाला मधे आणू? मोडलेल्याला आणखी कोण मोडतं?"

त्यांना अजून वाटतंय की ती खरोखर माझी होती.

मी म्हणालो, झाडाला पाणी किती घालायचं?

९ जून

परवा माझी जबानी. हॅल्व्हरसनबाईंनी आज घोकून घेतलं: विचारतील तेवढंच सांगायचं, आपण होऊन एक शब्द नाही. मैत्रिणीचं त्यांना मामाकडून कळलंय; म्हणाल्या, ती तुमची मैत्रीण होती का, असं टेश यांच्या वकिलांनी विचारायचं काही कारण नाही, त्यांना ते सुचणारही नाही.

त्या खोलीत टेश असतील, मामा असेल. बोललो तर दुकान बुडेल, कारण नियम मोडणारा मालकाचा भाचा. गप्प राहिलो तर मावशी बुडाल्याच आहेत.

पण इथे खोटं कशाला लिहू? मला अडवतंय ते दुकान नाही. सगळ्यांसमोर हे म्हणावं लागेल की ती माझी कुणीच नव्हती, आणि ती माझी आहे असं मला नुसतं मिरवायचं होतं. दुकान बुडालं असं गावात सांगता येतं. हे कसं सांगायचं?

११ जून

झालं.

वकिलाच्या कचेरीत लांब टेबल. एक बाई आमचा शब्दन् शब्द टाईप करत होत्या. टेश माझ्या समोर. उजवा हात मांडीवर ठेवलेला, कुणीतरी तिथे विसरून गेल्यासारखा. त्यांचे वकील ल्यूटी, बारीक आवाजाचे, शांत. पिस्तूल तिने कसं निवडलं, बाहेर गाडी होती का, आमच्या नियमात काय होतं. मी पढवल्याप्रमाणे तुकड्यातुकड्याने उत्तरं देत होतो. मैत्रिणीचं त्यांना सुचलं नाही. हॅल्व्हरसनबाईंनी पेनाला टोपण लावलं.

शेवटी ल्यूटी यांनी कागद गोळा करता करता विचारलं, ते म्हणे शेवटी सगळ्यांनाच विचारतात, की दिलेल्या उत्तरांत काही बदलायचंय का, काही भर घालायचीय का.

मी म्हणालो, "हो."

हॅल्व्हरसनबाई म्हणाल्या, आपण जरा थांबू. मी थांबलो नाही. आयुष्यात मी कधी थांबलेलो नाही, आणि तेही नेहमी चुकीच्या जागी. म्हणालो, व्हर्नामावशींना शंका आली होती. त्यांनी मला मागे नेऊन नाही सांगितलं होतं. मी त्यांना म्हटलं की ती माझी मैत्रीण आहे, चार महिने झाले. "ती माझी मैत्रीण नव्हती. मला तिचं आडनावही कागदावर बघून कळलं."

टाईप करणाऱ्या बाईंनी मला शेवटचं वाक्य पुन्हा म्हणायला लावलं. मी पुन्हा म्हटलं.

मला वाटलं टेश शिवी देतील. मला ती हवी होती. ते डाव्या हाताने टेबलाची कड चाचपत होते.

"मला वाटत होतं दोन पैशांसाठी विकली असेल," ते म्हणाले. "ते मी समजू शकलो असतो."

त्यांच्या वकिलांनी त्यांच्या खांद्याला हात लावला. चांगल्या खांद्याला.

बाहेर हॅल्व्हरसनबाई मामाला म्हणाल्या की आता तडजोड करावी लागेल, कंपनी काय देते आणि दुकानाचं काय उरतं ते बघू. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही. परतीच्या वाटेवर दोन्ही बाजूंना गहू पिवळा पडायला लागलेला. निम्म्या रस्त्यात मामा म्हणाला, "नियम केला तेव्हा मी सगळ्या लबाडांचा विचार केला होता. भाच्याचा नाही केला."

गावात शिरल्यावर त्याने घराकडे न वळता ट्रक व्हर्नामावशींच्या दारात उभा केला. उतर, म्हणाला. तो उतरला नाही.

मावशींच्या हाताला पीठ होतं. त्यांनी आधी माझा चेहरा बघितला आणि म्हणाल्या, फार वाईट झाली का रे जबानी, ये आत. मी म्हटलं, आधी ऐका. उंबऱ्याबाहेर उभं राहूनच सांगितलं. ती माझी कधी नव्हती. तुम्ही ॲपल पाय दिलात त्या दिवशी तिने पहिल्यांदा माझा हात धरला, आणि शेवटचा. आणि तुमचं नाही होतं हे आज मी सगळ्यांसमोर सांगितलंय, ते टाईप झालंय.

मावशी पिठाचे हात एकमेकांवर घासत राहिल्या.

"एवढे महिने मी त्या पोरीला दोष देत होते," म्हणाल्या. "मला तिने फसवलंच नव्हतं."

मी मान खाली घातली. त्या आत गेल्या. दार त्यांनी उघडंच ठेवलं, पण ये म्हणाल्या नाहीत. आत पीठ मळण्याचा आवाज पुन्हा सुरू झाला. मी तिथेच उभा होतो. मागे ट्रकचं इंजिन चालू होतं.